गृहस्थांनी द्यायचा निरोप

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा नागपूर आणि भिलाई एकाच राज्यात होती. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून झालेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि दुर्ग जिल्हा त्यात मोडत होता. अठराच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगडचा झाला. आगगाडीचा रस्ता मात्र तोच राहिला: नागपूर, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि पुढे भिलाई.

याच रस्त्याने विदर्भातली माणसे भिलाईच्या पोलाद कारखान्यात आली. सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार 1955 मध्ये झाला होता आणि पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 ला झाले. म्हणजे कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत विदर्भाच्या गावोगावी दीक्षेचे कार्यक्रम चालू होते. भंडारा, नागपूर, चांदा या भागांतून जे बौद्ध कामगार इथे पोचले, त्यांना बौद्ध होऊन दोन-तीन वर्षेच झाली होती. खोदकाम, गवंडीकाम, मग पाळीची नोकरी, मग सेक्टरमधले क्वार्टर किंवा कॅम्पातली खोली असा त्यांचा प्रवास झाला. वसाहत तरुणांची होती, आणि तरुणांच्या वसाहतीत मरणाची तयारी कोणी करून ठेवत नाही. ज्या घरात पहिला मृत्यू झाला, त्या घरापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला असणार. जुनी रीत प्रतिज्ञेने सोडलेली, आणि नवी रीत सांगणारे म्हातारे माणूस गावाकडेही नव्हते, कारण त्यांच्यासाठीही ती नवीच होती.

दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा थेट मरणाशी संबंधित आहे. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी ती आहे. आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म न करवण्याची. या दोन प्रतिज्ञांनी काय काय एका झटक्यात बाजूला झाले, हे आज सहज ध्यानात येत नाही. पिंड, पिंडाला शिवणारा कावळा, मुंडण, सुतक, दहावा, तेरावा, पितृपाटा, असे सारे. माणूस गेल्यावर पुढच्या तेरा दिवसांत घरातल्यांनी काय करायचे, याचे पूर्ण वेळापत्रकच त्यात होते. दुःखात बुडालेल्या माणसाला वेळापत्रकाचा मोठा आधार असतो. तो आधार काढून घ्यायचा तर त्या जागी दुसरे काही द्यावे लागते, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. 1956 मध्येच त्यांनी ‘बौद्ध पूजा पाठ’ ही छोटी पुस्तिका तयार केली, ती याच जाणिवेतून.

त्यांच्या स्वतःच्या घरातले दोन मृत्यू शेजारी ठेवून पाहिले की हा बदल किती मोठा होता ते कळते. 27 मे 1935 रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे अंत्यविधी तेव्हाच्या रूढ हिंदू पद्धतीने झाले आणि बाबासाहेबांनी मुंडण केले, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात धर्मांतराची येवल्याची घोषणा झाली. पुढे एकवीस वर्षांनी, 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निर्वाण झाले. देह विमानाने मुंबईत आणला गेला आणि 7 डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. 16 डिसेंबरला मुंबईत दीक्षासमारंभ ठरलेला होता. तो आता होणार नव्हता. तेव्हा चितेच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथेच दीक्षा दिली आणि एक लाखाहून अधिक लोकांनी ती घेतली. नवबौद्धांनी पाहिलेला हा पहिला मोठा बौद्ध अंत्यविधी. त्यात मृताच्या पुढच्या प्रवासासाठी कुणी काही मागितले नाही. मागे राहिलेल्यांनी आपण कसे जगणार, याचे वचन दिले. पुढे घरोघरी जी रीत रुजली, तिचा गाभा मला त्या संध्याकाळच्या चौपाटीवर दिसतो.

बौद्ध परंपरेत अंत्यविधी हे मुळात गृहस्थांचे काम आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांचा शिष्य आनंद भगवंतांना विचारतो की आपल्या देहाचे काय करायचे. उत्तर असे मिळते की भिक्खूंनी त्या सत्कारात गुंतू नये, त्यांनी आपली साधना करावी. श्रद्धावान गृहस्थ ते काम करतील. आणि तसेच झाले. कुसिनारेच्या मल्लांनी सहा दिवस देहाचा सन्मान केला आणि सातव्या दिवशी मकुटबंधन चैत्याजवळ चिता रचली. पुढे अस्थींवरून सात-आठ गणांत आणि राजांत तंटा उभा राहिला, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ वाटे करून तो मिटवला. या साऱ्या कथेत पुरोहिताची जागा कुठेच नाही. शेजारी आहेत, नातेवाईक आहेत, वाटणी करणारा एक शहाणा माणूस आहे.

भिलाईतल्या मराठी बौद्ध घरांत हेच चित्र आहे. भन्तेजी, म्हणजे भिक्खू, प्रत्येक वेळी मिळतातच असे नाही. विधी करतो तो बौद्धाचार्य. बाबासाहेबांनी 1955 मध्ये स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेने ही जागा निर्माण केली. बौद्धाचार्य संसारी माणूस असतो. कारखान्यातून निवृत्त झालेला कर्मचारी, शाळेतला शिक्षक, कधी गृहिणीही. त्याला वंशाने हा अधिकार येत नाही. शिबिरात बसून, पाली गाथा पाठ करून, विधी शिकून तो येतो. रात्री दोन वाजता फोन आला तरी पांढरा सदरा घालून तो दारात हजर होतो, आणि सकाळी पाळी असली तर सोबत्याला सांगून पाळी बदलून घेतो.

घरात माणूस गेला की पहिले काम देहाला आंघोळ घालण्याचे. मग पांढरी वस्त्रे. बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा देहाजवळ ठेवतात, मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतात, फुले वाहतात. मृत व्यक्ती चळवळीत असेल तर अंगावर पंचरंगी धम्मध्वज पांघरतात. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी पट्ट्यांचा हा ध्वज 1885 मध्ये कोलंबोत पहिल्यांदा फडकला आणि पुढे साऱ्या बौद्ध जगाचा झाला. मग जमलेले सारे हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणतात. इथे एक बाब बाहेरच्या माणसाला चकित करते. विधी कुणा एकाने करायचा आणि इतरांनी पाहायचा, असे इथे नसते. दहा वर्षांचा नातू आणि ऐंशी वर्षांची आजी एकाच सुरात तीच पाली वाक्ये म्हणतात. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मद्य यांपासून दूर राहण्याचे पाच संकल्प प्रेतापुढे उभे राहून जिवंत माणसे स्वतःसाठी करतात.

एव्हाना नागपूर-गोंदियाकडची मंडळी निघालेली असतात. नागपूरहून दुर्गला गाडीने चार-पाच तास लागतात, म्हणून मयत अनेकदा दुपारनंतर उठवतात. सेक्टरमधल्या रस्त्यावर तेवढ्या वेळात सगळा शेजार जमतो. भिलाईचा शेजार म्हणजे छोटा देशच: तेलुगू, बंगाली, मल्याळी, बिहारी, पंजाबी आणि मूळचे छत्तीसगडी. तीस-तीस वर्षे एका ब्लॉकमध्ये काढलेली ही माणसे खांदा द्यायला पुढे येतात. त्यांच्यापैकी कुणी हळूच विचारते, दशगात्र कधी आहे, तेरवी कधी? प्रश्न आपुलकीचा असतो. घरातला कुणीतरी सांगतो की आमच्यात दशगात्र नसते, पुण्यानुमोदन असते, त्या दिवशी जरूर या. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्तीत हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. भिलाईत मात्र प्रत्येक मृत्यूला नव्याने सांगावे लागते, आणि दुसऱ्याला सांगता सांगता घरातल्या तरुणांनाही ते समजते. म्हणून वस्तीपासून दूर राहिलेल्या या घरांत रीत पातळ झाली असेल, हा अंदाज चुकतो. अनेक घरांत ती इथे अधिक विचाराने पाळली जाते.

स्मशानात मुली आणि सुना जातात. अनेक घरांत मुलीच खांदा देतात आणि अग्नीही देतात. मडके खांद्यावर घेऊन फोडणे, सरणाभोवती उलट्या फेऱ्या घालणे हे टाळले जाते. सरणापुढे पुन्हा त्रिशरण-पंचशील होते आणि मग ती जुनी गाथा म्हणतात, जी महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांच्या निर्वाणानंतर सक्काच्या, म्हणजे इंद्राच्या तोंडी आली आहे. जे जे घडले आहे ते अनित्य आहे, उपजणे आणि विरणे हाच त्याचा धर्म आहे, त्याचे शमन हेच सुख, असा तिचा आशय. श्रीलंका, म्यानमार, थायलंड या साऱ्या थेरवादी देशांत अंत्ययात्रेला हीच गाथा म्हणतात. भिलाईच्या मुक्तिधामात ती म्हटली जाते तेव्हा कोलंबोतल्या आणि मंडालेतल्या स्मशानांशी नाते जुळते. कुणी दोन शब्द बोलतो, दोन मिनिटे सारे स्तब्ध राहतात, आणि अखेरचा जयभीम घेऊन माणसे परततात. तिसऱ्या दिवशी राख सावडतात. ती शिवनाथ नदीत सोडणारे आहेत. नदी नको म्हणून अंगणात किंवा शेतात खड्डा घेऊन त्यावर झाड लावणारेही आता दिसतात.

अंगावरच्या त्या पांढऱ्या कापडाविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण या समाजाचा आणि मृत्यूचा जुना संबंध त्या कापडाशी आहे. गावगाड्यात मरण हे महारांच्या, म्हणजे या बौद्धांच्या पूर्वजांच्या, कामांपैकी एक होते. गावात कुणी वारले की ती बातमी पायी परगावच्या सोयऱ्यांना पोचवायची ती महाराने. सरणाची लाकडे वाहायची ती त्याने. आणि बदल्यात प्रेतावरचे कापड हा त्याचा ‘हक्क’. अलेक्झांडर रॉबर्टसन यांच्या 1938 च्या महार समाजावरील पुस्तकात अशा कामांची आणि हक्कांची तपशीलवार नोंद आहे. ही कामे आणि हक्क ज्या महार वतनाचा भाग होते, त्याविरुद्ध बाबासाहेब 1928 पासून मुंबई विधिमंडळात झगडले आणि 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. दुसऱ्यांच्या मरणाची सगळी कष्टाची कामे करणाऱ्या माणसांना आपल्या मरणासाठी मात्र बहुतेक गावांत स्मशानही वेगळे होते.

आता बौद्ध परंपरेत त्याच कापडाचे काय होते ते पाहा. सुरुवातीचे भिक्खू स्मशानात आणि उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून चीवर करत. त्याला पांसुकूल म्हणत. अशी वस्त्रे वापरणाऱ्यांत महाकस्सप सर्वांत श्रेष्ठ मानले गेले, आणि स्वतः भगवंतांनी आपले जुने पांसुकूल चीवर त्यांना देऊन त्यांचे घेतले. हेच महाकस्सप कुसिनारेला पोचेपर्यंत भगवंतांची चिता पेटली नाही, असे सुत्त सांगते. श्रीलंकेत आजही अंत्यविधीत नातेवाईक पांढरे कापड भिक्खूंना अर्पण करतात, ती याच पांसुकुलाची आठवण. गावाने जे कापड हीनतेची खूण म्हणून महाराच्या अंगावर फेकले, तेच संघाने अत्यंत आदराने पांघरले होते. हे समजले की पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींना चीवरदान देणाऱ्या घराकडे पाहण्याची माझी नजरच बदलते. तीन-चार पिढ्यांपूर्वी कापड घेणारे हात आता ते देतात.

पुण्यानुमोदन हा या निरोपाचा दुसरा आणि मोठा भाग. पत्रिकेवर मृताच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात; ‘कै.’ किंवा ‘स्वर्गीय’ नाही. दिवस कोणता, याला बंधन नाही. पाचवा, सातवा, दहावा, किंवा सर्वांना सोयीचा रविवार. बौद्ध जगातही यावर एकमत कधी नव्हते. श्रीलंकेत सातव्या दिवसाचे दान, मग तीन महिन्यांचे आणि वर्षाचे, असा क्रम असतो. तिबेट आणि जपानमध्ये 49 दिवस मोजतात, कारण तिथल्या परंपरेत मृत्यू आणि पुढचा जन्म यांमध्ये तेवढा काळ मानला आहे. मराठी बौद्धांनी यातले कुठलेच गणित उचलले नाही, आणि मला वाटते ते योग्यच झाले. दिवसाला पवित्रता आली की ती मोजणाऱ्यालाही येते.

कार्यक्रम अंगणात, सामाजिक भवनात किंवा विहारात होतो. भिलाईच्या सेक्टरांत आणि कॅम्पांत लोकांनी वर्गणीतून उभी केलेली बुद्धविहारे आहेत. मृताचे छायाचित्र, त्यावर मोगऱ्याचा किंवा झेंडूचा हार, वर बुद्ध आणि बाबासाहेब. वंदना, परित्राण पाठ, मंगलसुत्त, करणीयमेत्त सुत्त. मेत्त सुत्त सर्व प्राणिमात्रांबद्दल आईच्या मायेसारखे मन ठेवायला सांगते. आई गेलेल्या घरात ते ऐकताना गळा दाटून येतोच. मग जलदान. ताटात वाटी ठेवतात, घरातली जवळची माणसे मिळून तांब्या धरतात, आणि गाथा चालू असताना पाण्याची बारीक धार वाटीत सोडतात. वाटी भरून पाणी ताटात उतरते. नद्यांच्या पाण्याने समुद्र भरतो तसे इथे दिलेले तिथे पोचो, असा त्या गाथेचा आशय आहे.

पण जर आत्मा मानायचा नाही, पिंड पोचत नाही असे प्रतिज्ञेने म्हटले, तर मग हे ‘तिथे’ म्हणजे कुठे? पाणी कुणाला पोचते? भिलाईच्या तरुण अभियंत्याला हा प्रश्न पडतो आणि तो पडायलाच हवा. प्रश्न काही नवा नाही. ही गाथा ज्या तिरोकुड्ड सुत्ताच्या परंपरेतली आहे, त्याच्या अट्ठकथेत बिंबिसार राजाची गोष्ट येते. राजाने दान दिले पण ते कुणाच्या नावे ते सांगितले नाही, म्हणून भुकेले पूर्वज रात्री वाड्याभोवती आक्रोश करू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने दान दिले तेव्हा ते तृप्त झाले. ही एक बाजू. दुसरी बाजू त्याच तिपिटकात, संयुक्त निकायात आहे. एक ग्रामप्रमुख विचारतो की पश्चिमेकडचे ब्राह्मण मेलेल्याला मंत्रांनी स्वर्गात चढवतात म्हणे, आपण तसे करू शकता का? भगवान उलट विचारतात: डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर जमून लोकांनी ‘वर ये’ अशी प्रार्थना केली, तर तो वर येईल का? आणि तुपाचे मडके डोहात फुटले, लोकांनी ‘तुपा, बुड’ म्हटले, तर तूप बुडेल का? ज्याचे कर्म त्याच्या वजनाने जाते. काठावरच्यांच्या आळवणीने त्यात फरक पडत नाही. पुण्य दुसऱ्याला देता येते का, यावर ‘मिलिंदपञ्ह’मध्ये राजा मिलिंद आणि नागसेन यांचीही चर्चा आहे.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पुनर्जन्माचा वेगळाच अर्थ लावला. देह पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार महाभूतांचा. मृत्यूनंतर ती विश्वातल्या आपल्यासारख्या महाभूतांच्या साठ्यात मिसळतात आणि त्यांचे पुन्हा संयोग होतात. एक माणूस जसाच्या तसा दुसऱ्या जन्मी जातो, हे त्यांनी नाकारले. हा ग्रंथ त्यांच्या निर्वाणानंतर 1957 मध्ये प्रकाशित झाला. आनंद कौसल्यायनांनी त्याचा हिंदी अनुवाद केला, आणि भिलाईच्या हिंदी शाळांत शिकलेल्या पिढीने तो बहुधा हिंदीतूनच वाचला.

मग जलदान का करायचे? चांगले बौद्धाचार्य हे उलगडून सांगतात. पाणी मृताला पोचत नाही, त्याला त्याची गरजही नाही. त्याने जे चांगले केले त्याचे आम्ही अनुमोदन करतो, ते पुढे वाहू देऊ, असा संकल्प ती धार धरलेले हात करतात. म्हणून लगेच पाठोपाठ दान येते. मृताच्या नावाने विहाराला सतरंजी, वाचनालयाला पुस्तके, गावाकडच्या मुलांना वह्या, एखाद्या हुशार मुलीची फी. मला हे स्पष्टीकरण पटते. पण ज्या आजीला वाटते की पाणी तिच्या म्हाताऱ्यापर्यंत जाते, तिला त्या क्षणी थांबवून तत्त्वज्ञान शिकवणारा नातू मला पटत नाही. अडीच हजार वर्षे तिपिटकाने दोन्ही बाजू जपल्या. एका दुपारी एका घरात त्या शेजारी शेजारी बसू शकतात.

नंतर शोकसभा. ही मला मराठी बौद्धांची स्वतःची देणगी वाटते. असा रिवाज मी श्रीलंकेच्या वर्णनांत वाचलेला नाही. नातेवाईक, सहकारी, शेजारी उठून मृताबद्दल बोलतात. कामगाराच्या आयुष्याचा हिशेब प्रथमच मोठ्याने मांडला जातो: गावातून किती रुपये घेऊन निघाला, भट्टीवर कोणते काम केले, संपात कोणत्या बाजूला उभा राहिला, किती भावंडे शिकवली, कुणाकुणाला क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपायला जागा दिली. तेलुगू शेजारी हिंदीत सांगतो, माहेरची बाई विदर्भी मराठीत सांगते. ज्या माणसांबद्दल कुठे एक ओळ छापून येणार नाही, त्यांचे चरित्र त्या तासाभरात उभे राहते. या सभा रेकॉर्ड करून ठेवाव्यात असे मला कळकळीने वाटते. भिलाई उभारणाऱ्या पिढीतली माणसे आता एकेक करून जात आहेत, आणि त्या पिढीचा इतिहास दुसरीकडे फारसा लिहिलेला नाही.

रडण्याविषयीही बोलले पाहिजे. बौद्धांनी रडू नये, अनित्यता मानणाऱ्याला शोक शोभत नाही, असे काही उत्साही वक्ते सांगतात. सुत्तनिपातातल्या सल्ल सुत्ताचा हवालाही देतात, ज्यात शोकाला मनात रुतलेला बाण म्हटले आहे. पण महापरिनिब्बान सुत्त नीट वाचावे. निर्वाणाची घटका जवळ आली तेव्हा आनंद दाराच्या चौकटीला टेकून रडत उभा होता. मी अजून शिकणारा आहे आणि माझ्यावर दया करणारे शास्ते चालले, असे त्याचे दुःख. भगवंतांनी त्याला बोलावून घेतले. प्रिय ते सोडून जाणारच, हे सांगितले. पण त्याबरोबर, तू किती काळ किती मायेने माझी सेवा केलीस, असे त्याचे भरभरून कौतुक केले. शोक करणाऱ्याला फटकारले नाही. त्याने काय दिले ते त्याला आठवून दिले. पुण्यानुमोदनात याहून वेगळे काय असते? ज्या मुलीने सेक्टर नऊच्या इस्पितळात वडिलांच्या खाटेशेजारी रात्री काढल्या, तिला रडू द्यावे आणि तिच्या सेवेबद्दल चारचौघांत बोलावे. आनंदाला जे मिळाले ते तिलाही मिळावे.

सगळे जुने गेले असे मात्र नाही. पुष्कळ घरांत तेरवी नाव बदलून आली. पुण्यानुमोदन तेराव्या दिवशीच ठेवतात, पाचशे पाने उठवतात, आणि त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतात. छत्तीसगडातल्या अनेक जातीसमाजांत मृत्युभोज बंद करण्याचे ठराव होत असताना बौद्धांनी तो वाढवणे मला अजिबात मान्य नाही. दुरून आलेल्या पाहुण्याला साधे वरण-भात-भाजी द्यावी, ती माणुसकी आहे. कर्ज काढून पंगत उठवणे हा मृताचा मान नव्हे.

त्याहून कठोरपणे बोलायला हवे ते विधवेविषयी. नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचे, कुंकू पुसायचे, हे त्रिशरण म्हणणाऱ्या घरांतही मागच्या खोलीत बायाच बाईला करायला लावतात. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. भिलाई महाराष्ट्रात नाही, पण तो ठराव स्वीकारायला शासनाचे पत्र लागत नाही. पिंड नाकारण्याचे धैर्य 1956 मध्ये एका दिवसात आले. तर बांगड्या हातात राहू देण्याचे धैर्य आजही का येऊ नये? काही घरांत बौद्धाचार्य आधीच घरातल्यांना स्पष्ट सांगतात की असे काही होणार असेल तर मी विधीला येणार नाही. अशा बौद्धाचार्यांची संख्या वाढायला हवी.

2011 च्या जनगणनेत छत्तीसगडात बौद्धांची संख्या सुमारे 70 हजार होती. महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक. छत्तीसगडाएवढ्या मोठ्या राज्यात 70 हजार म्हणजे मूठभर माणसे. दुर्ग-भिलाई, राजनांदगाव, डोंगरगड या पट्ट्यात मराठी बोलणारे बौद्ध अधिक दिसतात. डोंगरगडच्या प्रज्ञागिरीवर बुद्धाची भव्य मूर्ती आहे आणि दर वर्षी फेब्रुवारीत तिथे मेळावा भरतो. महासमुंद जिल्ह्यातल्या सिरपूरला तर सातव्या-आठव्या शतकातले विहार आहेत. तिथला आनंदप्रभू विहार 1950 च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांच्या उत्खननात उजेडात आला. म्हणजे या मातीला पाली-प्राकृत शब्द परके नाहीत. पण भिलाईत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीची घरातली भाषा आता अर्धी हिंदी झाली आहे. म्हणून पुस्तिकांत पाली गाथेखाली मराठी आणि हिंदी दोन्ही अर्थ छापतात, आणि बौद्धाचार्य धम्मदेसना हिंदीत सुरू करून आठवणींपर्यंत पोचताच मराठीत येतात.

अशा पुण्यानुमोदनाचे निमंत्रण आले तर काय करावे, हे शेजारी नेहमी विचारतात. पांढरे किंवा साधे कपडे घालावेत. सोबत फुले किंवा मेणबत्ती आणावी. वह्या-पुस्तके आणली तर घरच्यांना अधिक आनंद होतो, कारण ती पुढे मुलांना वाटली जातात. वंदना चालू असताना हात जोडून बसावे. गाथा येत नसतील तरी चालते. सुतक नसते, त्यामुळे त्या घरचे पाणी पिण्यास किंवा त्यांना आपल्या घरी बोलावण्यास काही अडचण नाही. आणि शोकसभेत मृताबद्दल एखादी आठवण असेल तर उठून सांगावी, तेलुगूत, बंगालीत, छत्तीसगडीत, येईल त्या भाषेत.